वारेतली साखर

पहिलटकरू कालवड सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली, की घरातली माणसं कारण गोठ्यातच शोधतात. शेजारच्या गाईनं ढुशी दिली असेल. ओल्या शेणावरून पाय घसरला असेल. मुरघासाला बुरशी लागली होती. टेम्पोतून आणताना हिसका बसला. यातलं प्रत्येक कारण कधी ना कधी खरं ठरतं, म्हणून मी कोणाचं म्हणणं लगेच खोडून काढत नाही. पण दोन महिन्यांत त्याच गोठ्यातली दुसरी कालवड गाभडली, तिचीही वार अडकली आणि घरधन्याला संध्याकाळी कसकस, रात्री अंथरूण भिजवणारा घाम सुरू झाला, की मला आधी ब्रुसेला या जिवाणूचीच शंका येते.

मी अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या गावांत पशुवैद्यक म्हणून काम करते. शिक्षण शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात झालं. आमचा भाग दुधाचा. संगमनेर, राहाता, राहुरी, नेवासे, कुठल्याही गावात पहाटे गेलात तर संकलन केंद्रापुढे कॅन घेतलेल्या दुचाक्या दिसतील. उसाचा पैसा वर्षातून एकदा हातात येतो, घर मात्र दुधाच्या दहा दिवसांच्या बिलावर चालतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं होल्स्टीन, जर्सी आणि गीर अशा तीन रक्तांतून फुले त्रिवेणी तयार केली. संगमनेरी ही शेळीची जातच आमच्या तालुक्याच्या नावाची. पश्चिमेला अकोल्याच्या डोंगरात डांगी जनावरं आहेत, पारनेरकडे धनगरांच्या मेंढ्या. इतकी जनावरं आणि त्यांच्याबरोबर एकाच अंगणात राहणारी इतकी माणसं. ब्रुसेलासारख्या जिवाणूला याहून सोयीची जागा क्वचितच मिळत असेल.

आम्ही डॉक्टर लोकांना ठरावीक सूचना देत राहतो. वारेला उघड्या हातानं शिवू नका. गाभडलेलं वासरू कुत्र्यापुढे टाकू नका, चुना टाकून खोल पुरा. दूध उकळूनच प्या. कालवडीला आठ महिन्यांच्या आत लस टोचा. माणसाला आजार झाला तर गोळ्या मध्येच सोडू नका. लोक ऐकतात, मान हलवतात आणि पुष्कळदा विसरतात, कारण या सूचना त्यांना सरकारी पत्रकासारख्या वाटतात. त्यांच्यामागचं कारण कोणी नीट उलगडून सांगत नाही. ते कारण फार विलक्षण आहे. हा जिवाणू जनावराच्या अंगात शिरल्यावर आपण नेमके कुठे आहोत हे ओळखतो आणि त्या त्या जागेपुरती आपली जनुकं चालू-बंद करतो. आमची प्रत्येक सूचना त्याच्या या सवयीवर बेतलेली आहे.

ब्रुसेलाची एकूण जनुकीय माहिती 2002 साली पहिल्यांदा पूर्ण वाचली गेली. ती होती शेळ्या-मेंढ्यांत आढळणाऱ्या ब्रुसेला मेलिटेन्सिसची. गाईतला ब्रुसेला अबॉर्टस हा त्याचा अगदी जवळचा भाऊबंद. दोन गोल गुणसूत्रं, सुमारे 33 लाख अक्षरं आणि जवळपास 3,200 जनुकं निघाली. संशोधकांना तिथं नेहमीची हत्यारं शोधायची होती. पटकीचा जिवाणू विष सोडतो, माणसाच्या घटसर्पाचा सोडतो, धनुर्वाताचा सोडतो. ब्रुसेलाकडे तसलं विष सापडलं नाही. अंगाभोवती जाड कवच नाही, हत्यारांची जनुकं वाहणारे सुटे डीएनएचे वेढे नाहीत. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा हा जीव पाचशे किलोच्या गाईचा गर्भ पाडतो आणि धडधाकट माणसाला महिनोन्महिने झोपवतो, तो मुख्यतः योग्य वेळी योग्य जनुक वापरून.

जनुक अंगात असणं वेगळं आणि ते चालू असणं वेगळं. आमच्याकडे हे समजावून सांगायला भंडारदऱ्याचं आवर्तन पुरतं. 1926 साली पूर्ण झालेल्या त्या धरणाच्या कालव्यांना ठिकठिकाणी दारं आहेत. पण सगळी दारं एकाच वेळी कोणी उघडत नाही. ज्या चारीची पाळी, तिचं दार वर होतं, तेवढंच शेत भिजतं आणि पाळी संपली की दार खाली येतं. जिवाणूचंही असंच चालतं. जनुकावरून आधी आरएनएची प्रत निघते, प्रतीवरून प्रथिन बनतं आणि काम करतं ते प्रथिन. या सगळ्याला ऊर्जा लागते, माल लागतो. 3,200 जनुकं रात्रंदिवस चालू ठेवणारा जिवाणू उपासमारीनंच मरेल. शिवाय नको तिथं नको ते प्रथिन दिसलं, तर शरीराची संरक्षणव्यवस्था त्याला तिथल्या तिथं ओळखेल. म्हणून दारं बंद ठेवायची आणि खूण पटली की उघडायची.

ही कल्पना प्रयोगानं सिद्ध केली ती पॅरिसच्या फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी, 1961 साली. त्यांनी अभ्यासलेली साखर आपल्या ओळखीची आहे: दुधातली लॅक्टोज. आतड्यातला साधा ई. कोलाय जिवाणू लॅक्टोज समोर आली तरच ती पचवण्याची जनुकं पुरती चालू करतो, एरवी एक प्रथिन त्या जनुकांवर बसून त्यांना दाबून ठेवतं. 1965 चं नोबेल या कामाला मिळालं. ब्रुसेलाच्या गोष्टीतही पुढे एक साखर येणार आहे.

आधी तो शरीरात कसा शिरतो ते पाहू. गाय गाभडलेल्या जागेचं गवत दुसरी गाय हुंगते, चाटते. जिवाणू तोंडावाटे किंवा श्वासावाटे आत जातो. माणसात तो हाताच्या चिरेतून, डोळ्यात उडालेल्या थेंबातून, वार काढताना उडणाऱ्या तुषारांतून किंवा निरशा दुधातून जातो. आत गेल्यावर त्याला गिळायला भक्षक पेशी धावून येतात. कुठलाही परका जीव दिसला की त्याला पोटात घ्यायचं, ज्या पिशवीत घेतला ती पिशवी आंबट करायची, मग पाचक रसांनी भरलेल्या पिशवीशी ती जोडायची आणि आतल्या जीवाचा चुराडा करायचा, हे त्यांचं काम. बहुतेक जिवाणू इथंच संपतात. गिळलेल्या ब्रुसेलांपैकीही बहुसंख्य पहिल्या काही तासांत मरतात. उरलेल्या थोड्यांकडे मात्र बघण्यासारखं आहे.

पेशीनं पिशवी आंबट केली, की तो आंबटपणाच ब्रुसेलाला खूण ठरतो. त्याच्या बाह्य आवरणाखालच्या पडद्यात बीव्हीआर-एस नावाचं संवेदक प्रथिन असतं. परिस्थिती बदलल्याचं त्याला कळलं, की ते बीव्हीआर-आर या जोडीदाराला फॉस्फेटचा एक कण देतं. तो कण मिळालेला जोडीदार डीएनएवर जाऊन बसतो आणि ठरावीक जनुकांची दारं उघडतो. स्पेन आणि कोस्टारिकातल्या संशोधकांनी 1998 साली ही जोडी दाखवून दिली; ती मोडली, तर जिवाणू पेशीत तग धरू शकत नाही. उघडणाऱ्या दारांतलं सर्वांत महत्त्वाचं आहे व्हिर-बी नावाच्या बारा जनुकांच्या रांगेचं. ही बारा जनुकं मिळून एक सूक्ष्म नळी उभारतात. जिवाणूच्या अंगातून निघून पिशवीच्या भिंतीपार जाणारी. या नळीतून तो आपली प्रथिनं थेट पेशीच्या कारभारात घुसवतो आणि आपली पिशवी पाचक पिशवीकडे जायची ती पेशीच्या दुसऱ्याच भागाकडे वळवतो, जिथं पेशी स्वतःची प्रथिनं तयार करते. तिथं खायला भरपूर, मारायला कोणी नाही.

फ्रान्समधल्या संशोधकांनी यावर केलेला प्रयोग मला फार आवडतो. त्यांनी एक औषध देऊन भक्षक पेशीची पिशवी आंबट होऊच दिली नाही. साध्या हिशेबानं जिवाणूचं आयुष्य सोपं व्हायला हवं होतं. झालं उलटंच. आंबटपणा नाही म्हणून व्हिर-बी चालू झालं नाही, आणि जिवाणूला तग धरता आला नाही. आपल्या शरीरानं त्याला मारायला केलेली तयारीच त्याला जागं करते. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ त्याच पानावर थांबले होते.

वेळापत्रकही बघा. आत शिरल्यावर पहिले काही तास ब्रुसेला वाढत नाही, दुभागत नाही. भुकेचा ताण सोसत थांबून राहतो. गिळल्यानंतर साधारण पाच तासांनी व्हिर-बीचं काम ऐन भरात असतं. सुमारे बारा तासांनी पिशवी मुक्कामी पोचलेली असते, आणि मग व्हिर-बीचं दार पुन्हा खाली येतं, कारण आता नळीची गरज नाही. आता वाढीची जनुकं चालू होतात आणि दोन दिवसांत ती पेशी जिवाणूंनी भरून जाते. पेशी मात्र मरत नाही. ती शरीरभर हिंडत राहते, आणि तिच्याबरोबर हेही हिंडतात: लसिका ग्रंथीत, प्लीहेत, हाडांच्या मगजात, गाईच्या कासेत.

माणसाला गोळ्या सहा आठवडे घ्याव्या लागतात त्या यामुळे. रक्तात मोकळा फिरणारा जिवाणू औषधाला सहज सापडतो. पेशीच्या आत दडलेल्याला गाठायला पेशीत शिरणारी औषधं लागतात, ती दोन एकदम द्यावी लागतात आणि दीर्घकाळ द्यावी लागतात. ताप आठवड्या-दोन आठवड्यांत उतरतो, रुग्णाला बरं वाटतं, घरात कामं खोळंबलेली असतात, तो गोळ्या सोडतो आणि काही महिन्यांनी ताप परत येतो.

आता गाईकडे. ब्रुसेला शरीरभर हिंडत असताना गर्भाशयावरच एवढा का तुटून पडतो? कोपनहेगनच्या बर्नहार्ड बँग यांनी 1890च्या दशकात गाभडलेल्या गाईच्या गर्भाशयातून हा जिवाणू वेगळा केला होता. त्याआधी 1887 साली डेव्हिड ब्रूस यांनी माल्टा बेटावर तापानं मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या प्लीहेत त्याचा भाऊबंद पाहिला होता, आणि 1905 साली थेमिस्टोक्लिस झामित यांनी तो तिथल्या धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांत शोधून काढला होता. माल्टाचा ताप आणि गाईचं गाभडणं हे एकाच कुळातल्या जिवाणूंचं काम आहे हे अमेरिकेच्या ॲलिस एव्हान्स यांनी 1918 साली मांडलं तेव्हा मोठमोठ्या लोकांनी ते मानलं नाही. एव्हान्सबाईंना पुढे प्रयोगशाळेतच हा आजार जडला आणि वर्षानुवर्षं पुरला. पण जिवाणूला गर्भाशयाचीच ओढ का, या प्रश्नाचं उत्तर यांच्यापैकी कोणाकडेच नव्हतं.

ते मिळालं 1962 मध्ये, इंग्लंडमध्ये, हॅरी स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना. स्मिथ यांचं म्हणणं सुरुवातीपासून एकच होतं: काचेच्या बशीत वाढवलेल्या जिवाणूकडे बघून रोग समजणार नाही, आजारी जनावराच्या अंगात तो काय करतो ते बघा. 1954 साली त्यांनी याच हट्टानं फाशीच्या (अँथ्रॅक्स) रोगाचं विष पकडलं होतं. बशीतला जिवाणू तेव्हा ते विष दाखवत नव्हता. मरणाऱ्या गिनीपिगच्या रक्तद्रवात ते होतं. पुढे कारण कळलं. फाशीच्या जिवाणूची विषाची जनुकं जोमानं चालू व्हायला शरीराची ऊब आणि रक्तात असतो तसा कार्बन डायऑक्साइड लागतो. बशीत ते नव्हतं, म्हणून विषही नव्हतं.

स्मिथ यांच्या गटानं मग संसर्ग झालेल्या गाईंच्या गर्भाचे निरनिराळे भाग तपासले आणि ब्रुसेलाची वाढ कशानं होते ते एकेक पदार्थ वेगळा करून पाहिलं. हाती आलं इरिथ्रिटॉल. हा साखरेच्या कुळातला गोड पदार्थ. आजकाल मधुमेहींच्या मिठाईत वापरतात तोच. गाय, मेंढी, शेळी, डुक्कर यांच्या वारेत आणि गर्भजलात तो असतो, वळूच्या जननेंद्रियांतही असतो. माणसाच्या, उंदराच्या, सशाच्या वारेत त्यांना तो मिळाला नाही. ग्लुकोज आणि इरिथ्रिटॉल दोन्ही समोर असले, तर ब्रुसेला आधी इरिथ्रिटॉलकडे जातो. ते पचवणाऱ्या जनुकांवरही लॅक्टोजसारखंच एक दाबून ठेवणारं प्रथिन बसलेलं असतं. साखर आली की ते सुटतं आणि पचनाची जनुकं धडाधड चालू होतात. एवढ्यावर ते थांबत नाही. ब्रुसेला मेलिटेन्सिसवर 2013 साली प्रसिद्ध झालेल्या कामात असं दिसलं, की इरिथ्रिटॉल मिळालं की हल्ल्याच्या कामाची व्हिर-बीसारखी जनुकंही जोर धरतात. म्हणजे ही साखर त्याला अन्नही पुरवते आणि ठिकाण आल्याची खूणही देते.

साधारण पाचव्या महिन्यापासून गाईच्या वारेत ही साखर वाढत जाते. गाभडण्याचं प्रमाण पाचव्या महिन्यानंतर का वाढतं, हे त्यावरून उमगतं. वारेच्या पेशी जिवाणूंनी भरतात, वार कुजते, गर्भाचं पोषण तुटतं आणि वासरू मेलेलं बाहेर पडतं. वार सुटत नाही कारण ती गर्भाशयाला सुजून धरलेली असते. अशी वार मी पुष्कळदा हाताळली आहे. निरोगी वारेची फुलं लालभडक आणि टवटवीत असतात. हिची पिवळट-करडी, चिकट, मधला पडदा कातड्यासारखा जाड. तिच्या एका ग्रॅममध्ये अब्जावधी जिवाणू असू शकतात. माणसाला आजार व्हायला दहा ते शंभर पुरतात. खांद्यापर्यंतचे हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय मी अशा गाईला हात लावत नाही, आणि गोठ्यातल्या मावशी कळवळून पदर खोचून मदतीला पुढे आल्या तर त्यांनाही लावू देत नाही.

यातला सर्वांत मोठा फसवा भाग पुढच्या वेताला येतो. "मॅडम, आवंदा नीट व्यायली बघा, गेला आजार," असं एखादे आण्णा मोठ्या समाधानानं सांगतात. बऱ्याच गाई एकदाच गाभडतात, पुढची वेतं धड होतात. शरीरानं बऱ्यापैकी प्रतिकार उभा केलेला असतो, पण कासेत आणि लसिका ग्रंथींत जिवाणू तसाच टिकून असतो. गाय दुधातून त्याला बाहेर टाकते, प्रत्येक विण्याच्या वेळी वारेबरोबर टाकते. दिसायला ठणठणीत, दूध भरपूर. मग ती बाजारात जाते. आमचा घोडेगावचा बाजार, लोणीचा बाजार, तिथं जनावराचे दात बघतात, कास बघतात, चाल बघतात. रक्त तपासून गाय घेणारा गिऱ्हाईक मी क्वचितच पाहिला.

तपासणी अवघड नाही. रोझ बेंगाल नावाची चाचणी आमच्याकडे होते. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर गाईच्या रक्तद्रवाचा एक थेंब, शेजारी गडद गुलाबी रंगानं रंगवलेल्या मेलेल्या जिवाणूंचा एक थेंब. काडीनं एकत्र करायचे आणि फरशी हातात घेऊन चार मिनिटं सावकाश हलवत राहायची. रक्तात ब्रुसेलाविरुद्धची प्रतिद्रव्यं नसतील तर थेंब एकसारखा गुलाबी राहतो. असतील तर कडेनं बारीक रवा दिसू लागतो, मग गुठळ्या होतात आणि मधला भाग निवळतो. त्या चार मिनिटांत गाईचा मालक फरशीकडे बघत नाही, माझ्या तोंडाकडे बघतो.

शरीराच्या खुणा ओळखण्यात ब्रुसेला एकटा नाही. आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात मामला गावी 1994 च्या ऑगस्टमध्ये गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले आणि पुढच्याच महिन्यात सुरत हादरलं. प्लेगचा जिवाणू पिसवेच्या अंगात असतो तेव्हा तिथलं तापमान आपल्या शरीरापेक्षा बरंच कमी. तिथं तो चिकट थर करणारी जनुकं चालू ठेवतो, पिसवेचं अन्ननलिकेचं तोंड तुंबवतो, उपाशी पिसू चावत सुटते. माणसाच्या 37 अंशांत आला की ती जनुकं बंद आणि दुसरी चालू. त्यातल्या एका आरएनएचा धागा थंडाव्यात स्वतःवरच दुमडून बसलेला असतो, म्हणून त्यावरून प्रथिन बनत नाही. उबेनं दुमड सुटते आणि प्रथिन बनू लागतं. प्लेगला ऊब कळते, फाशीला कार्बन डायऑक्साइड, ब्रुसेलाला आंबटपणा, भूक आणि वारेतली साखर.

लसीची गोष्ट इथंच येते. आपल्याकडे कालवडींना टोचतात ती लस एस-19. 1923 साली अमेरिकेत जॉन बक यांनी एका जर्सी गाईच्या दुधातून ब्रुसेला अबॉर्टसचा एक वाण वेगळा केला. ती नळी प्रयोगशाळेत खोलीच्या तापमानाला वर्षभर राहिली, आणि नंतर पाहिलं तर जिवाणू जिवंत होता पण त्याची धार गेली होती. पुढे जगभर वापरल्या गेलेल्या त्या लसीचा जन्म असा झाला. त्याच्या जनुकांत काय बिघडलं होतं हे कळायला सत्तर वर्षं लागली. इरिथ्रिटॉल पचवणाऱ्या जनुकांतला सुमारे 700 अक्षरांचा तुकडाच गळाला होता. हा वाण ती साखर नीट पचवू शकत नाही; उलट साखर मिळाली की त्याची वाढ खुंटते. एवढ्या एका कारणानं तो मवाळ झाला असं मात्र म्हणता येत नाही, इतर जनुकांतही बदल आहेत. गाभण गाईला ही लस दिली तर ती कधी कधी गाभडते. म्हणून गाभण जनावराला ती द्यायची नाही, वळूला आणि गोऱ्ह्यालाही नाही.

चार ते आठ महिन्यांचं वय यावरूनच ठरलं. त्या वयात कालवड माजावर आलेली नसते, गर्भाशय लहान असतं, वारेचा प्रश्नच नाही. लसीचा जिवाणू भक्षक पेशींत शिरतो, शरीर त्याच्याशी लढायला शिकतं आणि लस हळूहळू निघून जाते. लसीमुळे तयार झालेली प्रतिद्रव्यंही लहान वयात दिली तर पुढे ओसरतात. उशिरा दिली तर ती रक्तात टिकतात, आणि मग रोझ बेंगालच्या फरशीवर गुठळी दिसली तर ती लसीची की रोगाची, हे सांगणं कठीण होऊन बसतं. बरेलीच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेनं एस-19 मधलं आणखी एक जनुक काढून सुधारित वाण तयार केला आहे. तो गावोगावी पोचावा असं मला मनापासून वाटतं.

ही लस जिवंत जिवाणूंची आहे, त्यामुळे टोचणाऱ्यालाही जोखीम असते. कालवड उसळते, सुई हाताला लागते, आणि आमच्या धंद्यात असा ताप अंगावर काढलेली माणसं आहेत. माझ्या गरोदरपणात मी ही लस हातात घेतली नाही, माझ्या वाटणीच्या कालवडी सहकाऱ्यानं टोचल्या. गर्भवती बाईला ब्रुसेलाचा आजार, म्हणजे ब्रुसेलोसिस, झाला तर गर्भपाताचा धोका असतो; माणसाच्या वारेत ती साखर सापडली नाही म्हणून निर्धास्त राहून चालत नाही.

माणसांच्या डॉक्टरांनाही एक विनंती आहे. नेवाशाकडच्या एका शेतकऱ्याला कितीतरी महिने ताप येत-जात होता. विषमज्वराचे उपचार झाले, मलेरियाचे झाले, कंबर धरली तेव्हा मणक्याचे फोटो निघाले. अखेर एका तरुण डॉक्टरनं विचारलं, "घरी जनावरं आहेत का? एखादी गाभडली का?" त्या प्रश्नानंतर योग्य तपासणी झाली आणि निदान झालं. रक्तातून हा जिवाणू वाढवायचा तर तो सावकाश वाढतो. संशय आहे हे प्रयोगशाळेला आधी सांगावं लागतं, त्यांच्या सुरक्षिततेसाठीही. आमच्या जिल्ह्यात लांबलेल्या तापाच्या प्रत्येक रुग्णाला गोठ्याबद्दल विचारलंच पाहिजे.

दुधाबाबत घाबरायचं कारण नाही. 72 अंशांना 15 सेकंद तापवलं तरी ब्रुसेला मरतो. घरच्या चुलीवर उकळी आली की संपला. आमच्याकडे खरवसाची आवड मोठी. चीक नीट वाफवून केलेला खरवस बिनधास्त खा. धोका आहे तो धारोष्ण दुधात, आणि नाकाडोळ्याला हात लावत काढलेल्या वारेत. गाभडलेल्या जागी शेण ओलं, सावली दाट असेल तर जिवाणू कित्येक आठवडे तग धरतो, कडक उन्हात काही तासांत मरतो. म्हणून गोठ्यात ऊन येऊ द्या. मुक्त गोठ्याच्या या फायद्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही.

11 सप्टेंबर 2019 ला मथुरेत राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. लाळ्या-खुरकुताबरोबर ब्रुसेलोसिसही त्यात आहे. चार ते आठ महिन्यांच्या प्रत्येक कालवडीला आणि पारडीला ही लस त्यात मोफत मिळते आणि आयुष्यात एकदाच द्यावी लागते. कालवडीच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो, लस दिल्याची नोंद त्याच आकड्यावर होते. तुमच्या दावणीला चार महिने पूर्ण झालेली कालवड असेल, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तिचं वय सांगून ठेवा. नवी गाय आणणार असाल, तर पैसे देण्याआधी रक्ताची तपासणी करून घ्या आणि आणल्यावर महिनाभर तिला इतरांपासून वेगळी बांधा. गाय गाभडली तर वारेला हात न लावता आम्हाला फोन करा.